शब्द मागे घेतो

'मोबाईलवर बघून गिटार शिकायची म्हणजे गादीवर पोहायला शिकायचं.' हे वाक्य माझं. भाचीने ऑनलाइन धड्यांचा विषय काढला तेव्हा चारचौघांत फेकलं, हशा मिळवला आणि पुढे दोन-तीन लग्नांतही वापरलं. लहानपणी सहा वर्षं गुरुजींसमोर मांडी घालून पेटी शिकलेलो मी. गुरूशिवाय विद्या नाही, हे माझं म्हणणं कोण खोडणार?

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याची गिटार कपाटावर राहिली. एका दुपारी घरात कोणी नाही असं बघून मी दार लोटलं आणि जस्टिन सँडरको यांचे धडे उघडले. हा मूळचा टास्मानियाचा माणूस २००३ पासून इंटरनेटवर गिटार शिकवतोय, तेही फुकट. त्याचा एक साधा खेळ आहे: दोन कॉर्ड घ्यायच्या, घड्याळ लावायचं आणि मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं. पहिल्या दिवशी माझी ए आणि डी ही जोडी नऊवर अडकली. त्यातही निम्म्या तारा मुक्या.

मग आली एफ. तर्जनी पहिल्या फ्रेटला सहाही तारांवर आडवी दाबायची आणि उरलेल्या तीन बोटांनी आपापला संसार थाटायचा. पहिली फ्रेट तारेच्या अगदी टोकाशी, त्यामुळे तिथे तार दबता दबत नाही. तीच आकृती पाचव्या फ्रेटवर नेली की ए होते, आणि मुकाट वाजते. तो भाग मी चाळीस वेळा तरी मागे नेला असेन. वेग निम्मा केला. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती करायची, हे सतराव्या खेपेला कुठे नजरेत भरलं. समोरचा माणूस सतराव्या खेपेलाही तितकाच हसतमुख.

तेव्हा गुरुजी आठवले. ते रागीट नव्हते हो. पण दुसऱ्यांदा विचारलं की क्षणभर त्यांचा भात्यावरचा हात थांबायचा. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती, की 'समजलं?' म्हटलं की मान आपोआप हलायची. तिहाई नेमकी कुठून उचलायची, हे मला आजही धड सांगता येत नाही. सहा वर्षं विचारलंच नाही. आणि त्या न विचारण्याला मी जन्मभर आदर म्हणत आलो.

पडद्यावरच्या माणसाला आपण दिसत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. मला मानवलं ते नेमकं तेच.

आक्षेप अगदीच खोटा नव्हता म्हणा. दोन महिन्यांत डावं मनगट ठणकायला लागलं. भाची आली, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाली, "मामा, अंगठा केवढा वर काढलायस! मागे घे, मधल्या बोटाच्या समोर."

"हे कुठे शिकलीस?"

"गादीवर."

ए-डी आता मिनिटाला एकेचाळीस. एफची दुसरी तार मात्र अजून भणभणते.