कामावरचे हृदय

हृदय म्हटले की आपल्या मंडळींना आधी कविता आठवते. वैद्यकाच्या लेखी तो एक पंप आहे, आणि पंपाची परीक्षा तो चालवूनच करावी लागते. थोरल्या बंधूंच्या आजारपणात ही साधी गोष्ट मला नव्याने उमगली. अलकापुरीतल्या त्यांच्या घराचा जिना चढताना दादांना दम लागू लागला. पडल्यापडल्या काढलेल्या इकोत असे निघाले की, डाव्या कप्प्यातील रक्तापैकी ३५ टक्केच प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते. निरोगी माणसात हे प्रमाण साठाच्या आसपास असते. औषधे सुरू झाली, आणि घराने दादांना वर्षभर खुर्चीत बसवून टाकले.

पण तो आकडा स्वस्थ पडलेल्या हृदयाचा होता. तोच आकडा असलेला एक रुग्ण सहज स्टेशनपर्यंत चालत जातो, दुसरा आंघोळीनेच थकतो. विश्वामित्रीच्या पात्रात किती पाणी मावते, हे मे महिन्यात काळ्या घोड्याच्या पुलावर उभे राहून कळत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर ते साऱ्या शहराला कळले.

शरीर कामात असताना त्याची नोंद घ्यावी, हा विचार आपल्या गावाला परका नाही. डभोईत जन्मलेले स्वामी कुवलयानंद बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले. पुढे १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी येथील रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. लोणावळ्याचे कैवल्यधाम त्यानंतरचे, १९२४ चे.

श्रमात हृदय मिनिटाला किती रक्त फेकते, हे थेट मोजायचे तर शिरेतून नळी घालावी लागते. पायडल मारणाऱ्या रुग्णाला ते कोण करणार? म्हणून बाहेरून मोजण्याच्या युक्त्या निघाल्या. एका पद्धतीत रुग्ण काही सेकंद एका पिशवीतच श्वासोच्छ्वास करतो. पिशवीत रक्तात विरघळणारा एक वायू अल्प प्रमाणात असतो, आणि न विरघळणारा दुसरा. पहिला किती वेगाने नाहीसा होतो, त्यावरून फुप्फुसांतून वाहणाऱ्या रक्ताचा हिशेब मांडतात. त्याला रक्तदाबाची जोड दिली की हृदयाची शक्ती चक्क वॅटमध्ये निघते. विश्रांतीत ती जेमतेम एक वॅट असते. एवढ्यावर आपला सारा संसार!

अधिक रुळलेली रीत मुखवट्याची. परिश्रमाच्या शिखरावर शरीर किती प्राणवायू वापरते, ते तीत मोजतात. किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटर ही मर्यादा १९९१ पासून हृदयारोपणासाठी रुग्ण निवडताना वापरात आली. मात्र या आकड्यात हृदय, फुप्फुसे, रक्तातील हिमोग्लोबिन आणि पायांचे स्नायू, सारेच गुंतलेले असतात. चार शाखांच्या दिरंगाईचा शेरा एकाच कारकुनाच्या गोपनीय अहवालात पडावा, तसे हृदयाचे होऊ शकते. आपल्याकडे, जिथे पंडुरोग घरोघरी आहे, तिथे हे विसरून चालणार नाही.

दादांची परीक्षा सायकलवर झाली. तोंडाला मुखवटा, आणि छातीवर त्याच वेळी इकोची कांडी. हृदयाने आपले काम वाढवले. हवे तितके नाही, पण वाढवले. दादा थांबले ते पाय भरून आल्यामुळे. तरुण डॉक्टर म्हणाले, "काका, हृदय अशक्त आहेच, पण पाय बसून बसून गेलेत. आमच्या देखरेखीखाली चालायला लागा." वहिनी हबकल्या. "अहो, पस्तीस टक्क्यांवरच्या माणसाला चालवता?" त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. वर्षभर त्यांनी तो आकडा देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखा जपला होता.

दवाखान्यातल्या तीस मीटरच्या बोळात सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेतात. पहिल्या खेपेस दादा ३१० मीटर चालले, तीन महिन्यांनी ३६५. मी घरी येऊन तो आकडा सांगितला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे टक्के किती झाले?"