सांपडलेल्या देवाचें घर

वऱ्हाडांतील जुन्या गांवांत घराचा पाया खणावयास घेतला म्हणजे घरधन्याच्या मनांत दोन गोष्टींची धास्ती असते. एक खडक लागण्याची आणि दुसरी देव लागण्याची. खडक लागला तर खर्च वाढतो. देव लागला तर काम थांबतें, गांव लोटतो, आणि पुढें ती जागा आपली राहील कीं नाहीं याचा भरंवसा उरत नाहीं. आम्ही हें थट्टेनें म्हणतों खरें, परंतु बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या सवाशें-दीडशें वर्षांचा अनुभव पाहिला तर त्या थट्टेंत फारशी अतिशयोक्ति नाहीं.

२०२४ सालच्या जून महिन्यांत सिंदखेडराजा येथें असाच देव लागला. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाची मंडळी लखुजीराव जाधवांच्या छत्रीच्या जतनाचें काम करीत होती. हे लखुजीराव म्हणजे जिजाबाईंचे वडील. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारांत मुलांनातवासह ते दग्यानें मारले गेले. त्यांच्या छत्रीच्या पायथ्याशीं काम चालूं असतां कांहीं दगडांची ठेवण निराळी दिसली. माती काढतां काढतां जुन्या देवळाच्या सभामंडपाचा भाग उघडा पडला. आणखी खालीं लक्ष्मीची मूर्ति दिसली, आणि अखेर सव्वादोन मीटर खोलीवर शेषावर पहुडलेला विष्णु बाहेर आला. पायांशीं लक्ष्मी चरणसेवा करीत आहे, आणि शिलापटावर समुद्रमंथनाचा देखावा असून त्यांत मंथनांतून निघालेला अश्व आणि ऐरावत हीं रत्नें कोरलेलीं आहेत. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. म्हणजे आपल्या घरांतील साधारण पलंगाएवढा शेषशायी!

या मूर्तीचा दगड मात्र आमच्याकडचा नव्हे. बुलढाण्याची सारी भूमि काळ्या कातळाची. छिन्नीला दाद देतांना तो कातळ कारागिराचा घाम काढतो. ही मूर्ति क्लोराइट शिस्ट नांवाच्या मऊ दगडांत कोरलेली आहे. कर्नाटकांत होयसळ राजांच्या काळीं याच जातीच्या दगडांत देवळें झालीं, आणि त्यांवरील दागिन्यांची मण्या-मण्यांची नक्षी पाहून आजहि माणूस थक्क होतो. तेव्हां दगड दुरून आला असावा आणि बहुधा हातहि दक्षिणेकडचेच. जाधवांच्या वैभवाच्या कितीतरी आधीं या गांवांत दूरदेशचे कारागीर बोलाविण्याइतकी ऐपत आणि हौस होती, हें त्या एका शिळेवरून कळतें. सिंदखेडचें नांव आपण १२ जानेवारी १५९८ या एका तिथीशीं बांधून ठेवलें आहे. तें योग्यच आहे. पण गांव त्या तिथीहून पुष्कळ थोरलें आहे.

मूर्ति सांपडल्याबरोबर जो प्रश्न उभा राहतो तो तिच्या वयाचा नव्हे. ही आतां कोठें राहावयाची, हा तो प्रश्न. तेथेंच, कीं नागपुरास? तेथेंच तर देवळांत, कीं कांचेआड?

या प्रश्नाचें एक उत्तर याच जिल्ह्यांत पूर्वीं देऊन झालें आहे. पैनगंगेकांठच्या मेहकरास १८८८ सालीं जमीन उकरतांना शारंगधर बालाजीची मूर्ति निघाली. काळ्या पाषाणाची, सुमारें ११ फूट उंचीची ती मूर्ति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिचें वर्णन नको. ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांनीं मेहकरास जावें हें उत्तम. त्या वेळीं वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखालीं होतें आणि दहाच वर्षांपूर्वीं, १८७८ सालीं, जमिनींतील ठेव्यासंबंधींचा कायदा झाला होता. दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु जमिनींत सांपडली तर कलेक्टरास वर्दी देणें त्या कायद्यानें भाग होतें. मेहकरांतील वृद्ध मंडळी सांगत कीं, साहेब ही मूर्ति विलायतेस नेणार अशी आवई उठतांच गांवानें उशीर न करितां प्राणप्रतिष्ठा उरकून घेतली. प्रतिष्ठा झालेल्या देवास हात लावण्याचें धाडस साहेबास झालें नाहीं. या हकीकतींत इतिहास किती व भक्तीची भर किती याचा हिशेब आम्ही मांडीत बसत नाहीं. गांवानें ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, यावरूनच देव नेला जाण्याचें भय किती खरें होतें हें दिसतें.

तें भय सर्वस्वीं काल्पनिक नव्हतें. पॅसिफिक महासागरांत रापा नुई नांवाचें एक बेट आहे. नकाशांत त्याला ईस्टर बेट म्हणतात. तेथें पूर्वजांच्या प्रचंड पाषाणमूर्ति आहेत, त्यांस मोआई म्हणतात. त्यांपैकीं होआ हाकानानाइआ नांवाची, जवळजवळ अडीच मीटर उंचीची मूर्ति १८६८ सालीं ‘टोपाझ’ नांवाच्या इंग्रजी युद्धनौकेनें उचलली, आणि पुढील सालीं राणी व्हिक्टोरियानें ती ब्रिटिश म्यूझियमला दिली. तिचा दगडहि आमच्या कातळाच्याच कुळींतला, ज्वालामुखीच्या पोटांतला. २०१८ सालीं त्या बेटावरील शिष्टमंडळ लंडनला जाऊन आपला पूर्वज परत मागून आलें; मूर्ति अद्याप लंडनलाच आहे. मात्र चिली देशाच्या आरमारानें १८७० सालीं सांतियागो राजधानींत नेलेला दुसरा एक मोआई २०२२ सालीं बेटावर परत पोंचला. दीडशें वर्षांनीं आजोबा घरीं आले! मेहकरकरांनीं घाई केली नसती तर आपल्यालाहि असेंच कोणाच्या दारीं जाऊन बसावें लागलें असतें कीं काय, हा विचार मनांत येतो.

सिंदखेडची बातमी आली त्या दिवशीं आमच्या घरांत रात्रीच्या पानावर यावरून चांगलीच जुंपली. आत्याबाई म्हणाल्या, “इतकीं वर्षें मातीनें सांभाळला, आणि आतां तुम्ही त्याला कपाटांत घालणार! तेथें त्याला आंघोळ कोण घालील?” त्यावर कॉलेजांत जाणारे आमचे पुतणे चिरंजीव उत्तरले, “आंघोळ घातली नाहीं म्हणूनच तो इतकीं वर्षें टिकला, आजी.” आत्याबाईंनीं त्याला ताक वाढलें, उत्तर दिलें नाहीं.

चिरंजीवांचें बोलणें उद्धट असलें तरी निराधार नव्हतें. पंचामृतांतील दह्याचें आणि मधाचें आम्ल, तुपाचा थर, वर शेंदूर, आणि रोज तांब्याभर पाणी व हाताचें घर्षण. यानें कठीण पाषाणहि झिजतो. पंढरीच्या विठ्ठलाच्या पायांची झीज थांबविण्यासाठीं पुरातत्त्व खात्यास वेळोवेळीं लेप द्यावा लागला, तो २०२० सालींहि द्यावा लागला. मग नखाच्या ओरखड्यालाहि भिणाऱ्या या मऊ दगडाची काय कथा? ऐरावताची सोंड आणि लक्ष्मीचे पैंजण पहिल्या पिढीच्या अभिषेकांत जातील. दुसऱ्या पिढीच्या हातीं नुसता आकार उरेल.

पण म्हणून ती नागपुरास न्यावी हेंहि आम्हांस पटत नाहीं. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालापासून उभा आहे आणि लहानपणीं आम्हीं तेथें मोठ्या कौतुकानें दिवस घालविले आहेत. तरी खरें सांगावयाचें तर तेथील कोणती मूर्ति कोणत्या गांवची हें आम्हांस एकहि आठवत नाहीं. सिंदखेडला ती शिळा त्या सभामंडपाच्या सान्निध्यांत, त्या छत्रीच्या छायेंत पाहिली म्हणजे देवळावर माती कशी चढली, मातीवर छत्री कशी उभी राहिली, हें डोळ्यांनीं वाचतां येतें. दुसरीकडे नेली म्हणजे मूर्ति राहते, वाचन सुटतें. गांवांतच पक्क्या छपराखालीं, पहारेकऱ्यासह लहानसें संग्रहालय व्हावें, असें आमचें मत आहे. मूर्ति गांवांत राहावी असें ज्यांस वाटतें त्यांनीं तिला पाणी घालणार नाहीं हेंहि त्याच दमांत कबूल केलें पाहिजे. आत्याबाईंस हें आवडणार नाहीं. हळदीकुंकू कांचेच्या बाहेर वाहावें अशी तडजोड आम्ही सुचवून पाहिली. त्यांनीं ती अद्याप स्वीकारलेली नाहीं.

मूर्ति निदान हलवितां तरी येते. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकास, संग्रामपूर तालुक्यांत, पूर्णेच्या कांठीं भोन नांवाचें खेडें आहे. तेथें या शतकाच्या आरंभीं पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या भास्कर देवतारे यांनीं उत्खनन केलें. सातवाहनांच्या आणि त्यांच्याहि पूर्वींच्या काळची मोठी वसाहत, भाजक्या विटांचा बौद्ध स्तूप, आणि मातीचीं भाजलेलीं कडीं एकावर एक बसवून बांधलेल्या पुष्कळ विहिरी तेथें सांपडल्या. एवढें सारें काळ्या रानाच्या खालीं होतें आणि वरून कपाशीचें पीक निघत होतें. हें स्थळ जिगांव येथील पूर्णेवरील धरणाच्या बुडीत क्षेत्रांत येतें.

धरण नको म्हणण्याचा अधिकार शहरांत नळाचें पाणी पिणाऱ्या आम्हांस नाहीं. पूर्णेचें खोरें म्हणजे खारपाणाचा पट्टा. विहीर खणली तर खारट पाणी. तें पिऊन मूत्रपिंडें बिघडतात आणि तें दिलें तर शेत चिबडतें. त्या लोकांस गोडें पाणी हवें आहे, आणि तें त्यांस मिळालेंच पाहिजे. कृष्णेवर नागार्जुनसागर बांधतांना हाच पेंच आला होता. तेव्हां १९५४ ते १९६० पर्यंत खोऱ्यांत कसून उत्खनन केलें, आणि पुढें बुडणाऱ्या विहारांचे व स्तूपांचे निवडक अवशेष उचलून टेंकडीवर नेऊन पुन्हां रचले. ती टेंकडी आज जलाशयांतील बेट झाली आहे. खर्च झाला, वर्षें लागलीं, पण धरणहि झालें. भोनचा स्तूप त्यामानानें लहान आहे, दहा-एक मीटर व्यासाचा. तो विटाविटांनीं मोजून, चित्रें घेऊन, उंचावर हलविणें हें जलसंपदा खात्याच्या अंदाजपत्रकांत न मावण्याजोगें काम नव्हे. मात्र वसाहत हलवितां येत नाहीं. ती पाणी चढण्यापूर्वीं होईल तितकी खणून, लिहून काढणें एवढेंच हातीं आहे.

भोनच्या त्या प्राचीन रहिवाशांचीहि अडचण हीच होती. पायाखालचें पाणी खारट. म्हणून त्यांनीं जमिनीवरचें गोडें पाणी फिरवून आणण्यासाठीं कालवा काढला होता, आणि त्या कालव्याच्या खुणाहि उत्खननांत मिळाल्या आहेत. दोन हजार वर्षांमागें ज्यांनीं या पट्ट्यांत गोड्या पाण्याची सोय केली, त्यांचा तो कालवा आतां गोड्या पाण्याखालीं जावयाचा आहे. त्याची रुंदी, उतार, बांधणी हीं मोजून झालेलीं टिपणें आज पुण्यांत आहेत. त्यांची एक प्रत मराठींत करून संग्रामपूरच्या शाळेंत ठेवावी, अशी विनंती या पृष्ठांतून आम्ही संबंधितांस करीत आहों.