आकड्याचा ताप

प्रिय,

तुझे तीन फोन उचलले नाहीत म्हणून फुगली असशील. फुग! पण आधी नातवाची हकिगत ऐक. तुला सांगते, दोन महिने एका आकड्याने या घरात नुसता धुमाकूळ घातला होता.

आमचं पात्र आता दीड वर्षाचं. आठवडाभर जुलाब झाले, थांबले. पण वजन अडलं म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टात बाकी सगळं ठीक आणि एकच ओळ ठळक : अल्कलाइन फॉस्फेटेज २८४०. शेजारी छापलेली कमाल मर्यादा ४६०! लेक पांढरीफटक. जावई रात्रभर मोबाइलवर लिव्हरचे आणि हाडांचे एकाहून एक भयंकर आजार वाचत बसला. आमचे ‘हे’ भिंग घेऊन दशांशचिन्ह शोधत होते, छापायचं राहिलं असेल म्हणून. आणि ज्याचं रक्त, तो हातावरची चिकटपट्टी सोलून आजोबांच्या चष्म्याला लावत होता.

डॉक्टरीणबाई मात्र थंड. त्याची मनगटं चाचपली, बरगड्या पाहिल्या, पोट दाबलं. मुडदूस तर नाही ना, म्हणून मनगटाचा एक्स-रे, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व, सगळं छान. लिव्हरचं एसजीपीटीही जागेवर. म्हणाल्या, हे एन्झाइम हाडांत नि लिव्हरमध्ये बनतं, वाढत्या पोरांत एरवीही मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. पाच वर्षांखालच्या काही मुलांत, पुष्कळदा अशा जुलाब-सर्दीनंतर, ते एकदम पाच-दहापट, कधी वीसपटही उसळतं. रक्तातून त्याचा निचरा सावकाश होत असावा, असं मानतात. बहुतेकांचं चारेक महिन्यांत आपसूक उतरतं. औषध नाही.

औषध नाही म्हटल्यावर हातांना काही कामच उरेना गं! मी रोज तिन्हीसांजेला गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत होते. लेकीला वास यायचा, पण बोलली नाही. ती स्वतः त्याच्या मऊ भातात चोरून नाचणीसत्त्व कालवत होती. हसू नकोस. टायट्रेशनचा आकडा चुकला म्हणून लॅबमध्ये रडणारी कोण होती, ते मला आठवतंय.

काल पुन्हा रिपोर्ट आला : ३१०. लेक म्हणते नाचणी, मी म्हणते मोहऱ्या. डॉक्टरीणबाई दोघींकडे बघून नुसत्या हसल्या. कागदाचा कोपरा आमच्या पात्राने चावून टाकलाय, आकडा तेवढा वाचला.

आता कर फोन. पहिल्याच घंटीला उचलते.

तुझी,
तीच