लघुशंका

मराठीनें या देहधर्माला ‘लघुशंका’ असें सभ्य नांव दिलें आहे. पण त्यांतील शंका कसली, हें मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलें नव्हतें. गेल्या वैशाखांत खामगांवीं माझ्या पौरुषग्रंथीवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशीं नळी काढली, आणि थेंब येईना! परिचारिकेनें तोटी सोडून ठेविली. वाहत्या पाण्याच्या आवाजानें अडलेलें सुटतें म्हणतात. परंतु आमच्या मुलखांत नळ वाहूं लागला कीं प्रथम आठवतें तें पिंप भरणें.

“सर, वाट मोकळी आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण अडथळ्याशीं वर्षानुवर्षें झुंजून मूत्राशयाचा स्नायू थकला आहे. शिवाय आंत सूज आहे.” पुन्हां नळी आली. नवव्या दिवशीं ती निघाली, तेव्हां बारीक धार लागली. दाराबाहेरून हिनें विचारलें, “झाली का हो?” इतक्या उत्कंठेनें तिनें माझ्या पीएच.डी.चीही चौकशी केली नव्हती.

हें दुखणें जुनें. सुश्रुतानें मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले, चरकानें १३. इंग्लंडचे पंतप्रधान मॅकमिलन यांच्या १९६३ च्या राजीनाम्याला हीच ग्रंथी निमित्त झाली; पुढें ते ९२ वर्षांचे होऊन वारले! धार पुन्हां बारीक झाल्यास मार्ग आंतून आकसला असेल, तेव्हां लगेच या, अशी मला ताकीद आहे.

माझे वडील रात्रीं चारचारदां उठत, कंदील घेऊन परसांत जात, बराच वेळ उभे राहत, आणि कोणाशींही न बोलतां परत येऊन निजत.