आंतली कल्हई

जो पदार्थ सहसा वितळत नाहीं तो आगींत टिकतोच, असा सर्वसाधारण हिशेब असतो. कार्बाइडांच्या बाबतींत हा हिशेब पहिल्याच पायरीवर फसतो. हाफ्नियम कार्बाइड वितळावयास सुमारें ३,९०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. लोखंडाचें पाणी १,५३८ अंशांवरच होतें. परंतु हा बहाद्दर उघड्या हवेंत हजार अंशांच्या पुष्कळ आंतच जळूं लागतो. त्याचें वैर उष्णतेशीं नसून प्राणवायूशीं आहे. कार्बन वायुरूप होऊन निसटतो, मागें राहिलेलें ऑक्साइड सच्छिद्र व भेगाळ होतें, आणि त्या भेगांतून प्राणवायु पुनः आंत शिरतो.

सिलिकॉन कार्बाइड त्या मानानें भाग्यवान. तापतांना त्याच्या अंगावर सिलिकेची कांचेसारखी साय धरते व तीच पुढचें जळणें रोखते. म्हणून विजेच्या भट्ट्यांतून त्याच्या कांड्या उघड्या हवेंत लालबुंद होऊनहि दीर्घ काळ टिकतात. इतरांना असें कवच कोठून आणावें?

आमच्या लहानपणीं कल्हईवाला अंगणांत भाता मांडून बसे. तापलेल्या पातेल्यांत नवसागराची चिमूट, धुराचा लोट, मग कापसाच्या बोळ्यानें फिरविलेलें कथील. पाहतां पाहतां भांडें रुपेरी होई. आम्हां मुलांस तो जादूगारच वाटे. पण कल्हई झिजे, आणि कांहीं महिन्यांनीं आई पुनः त्याच्या हाकेकडे कान लावून बसे. शास्त्रज्ञांस हवी होती ती आपली आपण भरून येणारी कल्हई. टिटॅनियम कार्बाइडाच्या भुकटींत निकेल व क्रोमियम मिसळून ती भाजली, कीं क्रोमियम तापल्यावर प्राणवायु आपणाकडे ओढून घेतें आणि वर दाट थर धरण्यास साह्य करतें. ॲल्युमिनियमचा थर त्याहूनहि चिवट. ओरखडा पडला तरी, आंत धातु शिल्लक आहे तोंवर, जखम भरून येते. ही कल्पना आम्हांस फारच सुंदर वाटते.

मात्र सौदा महाग आहे. निकेल १,४५५ अंशांवर वितळतें. म्हणजे ज्या गुणासाठीं कार्बाइड निवडलें त्याचाच मोठा वाटा सोडावा लागतो. क्रोमियमचा थरहि हजार अंशांपलीकडे हळूहळू वाफ होऊन उडूं लागतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत जेट विमानांच्या टर्बाइनसाठीं अशा मिश्रणाचीं पातीं करून पाहिलीं गेलीं. तापल्या हवेपुढें त्यांनीं बरीच तग धरली. पण पातें नुसतें तापत नाहीं, त्यावर आघातहि होतात, आणि तेथें तीं ठिसूळ ठरून मागें पडलीं. विमानांत अखेर निकेलच्या मिश्रधातूच राहिल्या.