गच्चीवरून हवेची मोजणी

परभणीत डिसेंबर-जानेवारीत सकाळचं आकाश बहुधा निरभ्र असतं. तेव्हा मी भौतिकशास्त्राच्या मुलामुलींना गच्चीवर बोलावतो. सामान थोडकंच: आतून काळी रंगवलेली प्लास्टिकची नळी, तिच्या तळाशी हिरवा एलईडी, छोटा विवर्धक आणि मल्टिमीटर. एलईडीवर ऊन पडलं की तो किंचित वीज देतो. नळी हळूहळू फिरवायची; मागच्या पुठ्ठ्यावर तिची लांबट सावली आखडून गोल झाली की नेम बसला. एकीनं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं वेळ लिहायची.

सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असतो तेव्हा त्याचे किरण डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवेतून येतात. साडेएकोणीस अंशांवर तिप्पट. हे प्रमाण आडव्या अक्षावर आणि आकड्याचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर मांडला, की ठिपके सरळ रेषेत बसतात. पट्टी लावून ती रेषा शून्य हवेपर्यंत वाढवली, तर वातावरणाबाहेर ही नळी काय दाखवेल ते परभणीतच कळतं! सॅम्युअल लँगली यांची ही रीत. मला तिचं दर वर्षी तितकंच अप्रूप वाटतं.

रेषेचा उतार म्हणजे हवेनं घटवलेला प्रकाश. शिवारात तुरीची मळणी सुरू झाली आणि धूळ-भुसकट उडू लागलं की उतार वाढतो. मुलं ते आलेखावरच ओळखतात.

हिरवा प्रकाश मुख्यतः विखुरल्यानं घटतो. वरच्या थरातला एकच वायू मोजायचा, तर तो जे किरण शोषतो तेच निवडावे लागतात. १२१.६ नॅनोमीटरचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू शोषून घेतात, म्हणून ते जमिनीवर पोचतच नाहीत. त्यांचा संवेदक घेऊन रॉकेट ७०-८० किलोमीटरच्या वर जाऊ लागलं की आकडा वाढत जातो, आणि दोन उंचींवरच्या फरकातून मधल्या थरातला ऑक्सिजन निघतो. तिथवर फुगे पोचत नाहीत, उपग्रह तिथं टिकत नाहीत; म्हणूनच या पद्धतीचं मोल मोठं. ‘सेज-२’ या उपकरणानं १९८४ ते २००५ या काळात कक्षेतून सूर्योदय-सूर्यास्त टिपून ओझोन मोजला, तोही याच तत्त्वावर.

मराठवाड्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे: यंदाच्या हिवाळ्यात हा प्रयोग कराच. फक्त मुलांना सूर्याकडे थेट पाहू देऊ नका. नेम सावलीवरूनच धरा.