'अर्धसत्य' आणि अडखळणारी टाळी

गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' १९८३ साली आला. त्यानंतर हिंदीत गुन्हेगारीपटांची किती तरी पिके येऊन गेली. परंतु आमच्या मनातले या चित्रपटाचे आसन हललेले नाही. आम्ही त्याचे चाहते आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे समीक्षकाची अलिप्तता शोधणाऱ्या वाचकाची निराशा होणार नाही. चाहत्याला कारणे मात्र देता आली पाहिजेत. म्हणून हा प्रपंच.

मराठीच्या वर्गात हिंदी चित्रपट कशाला, असा प्रश्न आम्हांला अधूनमधून विचारला जातो. निदान यवतमाळ जिल्ह्यात तरी तो विचारला जाऊ नये. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, आणि सहा खुनी कैद्यांवरच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची कथा त्यांचीच. 'अर्धसत्य' तर मराठी साहित्याच्या घरातच वाढलेला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे आणि चित्रपटाच्या मध्यावर दिलीप चित्र्यांची कविता. रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकरही मराठी रंगभूमीवरूनच आले.

यवतमाळला संमेलन झाले त्याच वर्षी 'जंजीर' प्रदर्शित झाला होता. त्यातला संतापलेला पोलीस अधिकारी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. कायदा दुबळा आहे, तेव्हा या माणसाचा संताप हाच न्याय, असा सौदा तेथे प्रेक्षकाशी झाला आणि पुढे दशकभर चालला. 'अर्धसत्य'ने त्या सौद्याचा हिशेब मागितला. संताप तोच, वर्दी तीच. पण तो संताप कोणाच्या पाठीवर उतरतो, हे निहलानींनी दाखवले.

ओम पुरींचा अनंत वेलणकर हा हवालदाराचा मुलगा. आईला मारणाऱ्या बापाच्या हट्टापायी तो पोलिसात आला आहे. रामा शेट्टीच्या माणसांना तो पकडतो आणि वरून आलेल्या शब्दासरशी ती सुटतात. जिवावर उदार होऊन केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. इथवर आपण सर्वस्वी त्याच्या बाजूने असतो. मग एका रात्री किरकोळ चोरीच्या आरोपातला एक गरीब माणूस कोठडीत त्याच्या हाती लागतो. शेट्टीवर उगारता न आलेला हात या माणसावर पडतो आणि तो माणूस मरतो. दुबळा बाप आईला मारत होता, त्याच न्यायाने मुलगा कैद्याला मारतो. तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. हिंसा वरून खाली कशी झिरपते, हे त्यांनी येथे एकाही भाषणाशिवाय दाखवले आहे.

आम्ही हा चित्रपट वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना दाखवत आलो. आमच्या वर्गात घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याकडची मुले असतात. त्यांतली कित्येक पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात आणि दुपारी आमच्यासमोर पेंगत कविता ऐकतात. कोरडवाहू कापसाच्या या मुलखात सरकारी वर्दी म्हणजे घर सावरण्याची आशा. तिला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही. ही मुले पूर्वार्धात वेलणकरच्या प्रत्येक फटक्याला टाळ्या देतात. कोठडीतल्या प्रसंगाचा आरंभही टाळीनेच होतो. मग ती अडखळते आणि वर्ग गप्प होतो. त्या शांततेसाठी आम्ही हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावतो. यांतलाच कोणी उद्या ठाण्यात रात्रपाळीला असेल आणि त्याच्यासमोर कोणी नाव-गाव नसलेला माणूस बसवलेला असेल.

ही गोष्ट मुंबईची म्हणून आपण सुटत नाही. १९७२ साली, आमच्या शेजारच्या त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि अखेर १९८३ साली कोठडीतील बलात्काराविषयीचा कायदा बदलला. 'अर्धसत्य' त्याच वर्षीचा. दोहोंचा थेट संबंध आम्ही लावत नाही. तथापि ठाण्याच्या बंद दाराआड काय चालते, हा प्रश्न तेव्हा हवेत होता आणि या चित्रपटाने तो तिकीटबारीवर नेला.

आता त्या कवितेविषयी. साहित्य शिकवणारी ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, वेलणकरला चित्र्यांची कविता वाचायला देते. तो ती सहज, किंचित थट्टेच्या सुरात वाचू लागतो. चक्रव्यूहाची प्रतिमा येते, आवाज मंदावतो, आणि शेवटाकडे येईपर्यंत हा माणूस कविता वाचतो आहे की जबानी देतो आहे, ते कळेनासे होते. काव्यवाचनाचा याहून चांगला पाठ आम्हांला कोणत्याही अध्यापक वर्गात मिळालेला नाही. कविता वेलणकरला वाचवत नाही, हेही निहलानी लपवत नाहीत. ती वाचल्यानंतरच त्याच्या हातून कैदी मरतो.

अखेरीस वेलणकर शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. हे शौर्य की हतबलता? आमच्या वर्गात दर वर्षी यावर वाद होतो. गेल्या खेपेस भरतीची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, शेट्टीचं ठीक आहे, पण त्या मेलेल्या माणसाच्या घरी कोण गेलं?" चित्रपटात त्याच्या घरी कोणी जात नाही. पुढच्या तासाला चर्चेसाठी आम्ही तोच प्रश्न फळ्यावर लिहिला.